दुसरा रूळ

आदिलाबाद,
होळीच्या आधीचा मंगळवार

आरोही बेटा,

तुझा फोन मी मधेच कापला. तेव्हापासून घरात नुसत्या येरझारा घालून राहिलो आहे. चहा केला, तोही ओट्यावर गार झाला.

सकाळी रंगासाठी पळसाची फुलं आणायला गावामागच्या बंद रेल्वेलाईनीवर गेलो होतो. तुझी आई गेल्यापासून तिकडे फिरकलोच नव्हतो. मघाशी फोनवर तोंडातून निघून गेलं, की रुळावर चढलो तो थेट सिग्नलच्या खांबापर्यंत गेलो, एकदाही पाय खाली टेकला नाही. तू लगेच विचारलंस, "बाबा, दुसऱ्या रुळावर कोण होतं?"

लहानपणी तुला मीच शिकवलं होतं. एक रूळ तुझा, एक माझा, आणि मधे धरलेला हात. एकट्याचा तिथं तोल राहत नाही.

पूर्णिमाबाई होत्या. मागच्या गल्लीतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. मी नुसताच उभा होतो, तर म्हणाल्या, "हात द्या ना, काऊन लाजून राह्यले? पडलो तर दोघंबी पडू."

रविवारी तू मला कायमचं हैदराबादला न्यायला येणार. मी हो म्हणालो होतो. बॅग काढून ठेवली आहे, पण रिकामीच आहे.

हे पत्र काही माझ्याच्यानं पाठवणं होत नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकतो. खांबाच्या पुढचे रूळ कधीचे काढून नेले आहेत. तिथून सपाट पायवाट आहे, कोणाला धरायची गरज नाही.

आम्ही घरापर्यंत हात सोडला नाही.

तुझा,
बाबा