बाबांचा सात नंबर

४ मार्च २०१९
संग्रहालयाची बाई आली होती. मिस प्रुइट. तरुण, गोड बोलणारी. कारखान्याच्या जुन्या बेसबॉल टीमच्या वस्तू गोळा करतेय — आम्हा काळ्या मजुरांच्या टीमच्या. तेव्हा गोरे आमच्याशी खेळतसुद्धा नव्हते, आता आमच्या टोप्या काचेत ठेवणार. असो! बाबांचा शर्ट आहे का, विचारलं. म्हटलं, आहे — माझ्या पलंगावर.

टीम मोडली तेव्हा आईनं सगळ्यांचे लोकरी शर्ट मागून आणले, कापले, गोधडी शिवली. मधोमध बाबांचा सात नंबर. आईमागे मीच पांघरतेय.

गोधडी उसवून शर्ट पुन्हा जोडता येईल, मिस प्रुइट म्हणाली.

५ मार्च
वेल्मा सकाळीच हजर. धाकटी बहीण, पण तोरा थोरलीचा. नवरा गेल्यापासून जास्तच. बाबांचा शर्ट काचेत, खाली त्यांचं नाव — तिला एवढंच हवंय. "चिंध्यांत ठेवायचे होय बाबा, ताई?"

मी म्हटलं, आईचे टाके उसवायचे नाहीत. दार आपटून गेली.

६ मार्च
वेल्माचंही चुकत नाही. बाबा एवढे चेंडू टाकणारे, टीमचे पिचर, पण शहरातल्या पेपरात कधी नाव आलं नाही. काय करावं?

९ मार्च
मिस प्रुइट एझेल टॉलिव्हरला घेऊन आली. बाबांचे चेंडू झेलायला हाच बसायचा, टीममधला सगळ्यात लहान. आता हातात काठी, पण हॅट तशीच झोकात. वेल्माही आली. पाहुण्यासमोर भांडायचं नाही, एवढं वळण आईनं लावलंय.

गोधडी पसरली. तो एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेला. ही फाटकी बाही क्लीटसची, घसरत घसरत होम गाठून रन काढला होता त्यानं. हा तंबाखूचा डाग रूफसचा. हा माझा, म्हणाला. मग सात नंबरवर तळहात ठेवून थांबला.

"याला एकट्याला काढू नका. एकटा कधी जिंकला नाही तो."

वेल्मा उठून आत गेली. वाटलं, रागावली. तर पीचची पाय-पेस्ट्री घेऊन आली — मोठा तुकडा त्याला.

१० मार्च
गोधडी अख्खी संग्रहालयात जाणार. पाटीवर आधी आईचं नाव, मग सगळ्या टीमचं. हे वेल्मानंच फोन करून सांगितलं त्यांना.

६ एप्रिल
उद्घाटन. काय गर्दी! पोरं आपापल्या आजोबांचा तुकडा शोधत होती. वेल्मा टॉलिव्हरला खुर्ची दे, पाणी दे करत होती. बरं वाटलं.

११ एप्रिल
नवं ब्लँकेट टोचतं. पण झोप लागते.

१६ जून, रविवार
चर्चनंतर वेल्मानं बाजूला घेतलं. टॉलिव्हरशी लग्न करतेय, म्हणाली. मी खाली बसलेच. मग म्हटलं, सप्टेंबरात करा, उकाडा तरी सरू दे.

"ताई, आम्ही काय विशीत आहोत थांबायला?"