रुफिनोची टोपी

फेलिसियानो,

तळ्यावर वारा सुटायच्या आत, सकाळच्या बोटीने मी आपल्या नेलिदाला घेऊन रुफिनोच्या बेटावर चाललेय. त्याची समजूत काढून उद्या संध्याकाळी परत येऊ. किनव्याचं सूप चुलीवर आहे, गरम करून घे.

काल होणाऱ्या जावयाने स्वतः विणलेली टोपी आणली. वीण किती घट्ट आहे ते बघायला तू सासऱ्याच्या रीतीप्रमाणे तिच्यात पाणी ओतलंस. ते गळलं, तर "टोपी विणलीस की मासे धरायचं जाळं?" म्हणून चारचौघांत हसलास. पोरगा मान खाली घालून निघून गेला. मी गप्प बसले, तेच मनाला लागून राहिलंय.

आपलं लग्न ठरताना तू विणलेली टोपी पाण्याने भरून माझे बाबा अंगणात गेले होते, आठवतं? "थेंबही गळला नाही," म्हणत ते आत आले, तेव्हा त्यांच्या चपला चिंब भिजल्या होत्या.

एउसेबिया