जरा सरकून

३ नोव्हेंबर
पोहोचलो एकदाचा. टेकडीवर हवाई दलाची चौकी: एक रडार, टेहळणीचा मनोरा, दोन बराकी आणि हवा तेवढा वारा. मला स्वतंत्र खोली आहे, लोखंडी खाट आणि खिडकीसकट. गेल्या महिन्यात इथे भर दुपारी आकाशात दिवे दिसले. चौकशीला मेजरसाहेब आलेत, जबाब टाइप करायला मी. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून कुठेही पाठवा म्हणून मीच अर्ज करत होतो. ताई फोनवर म्हणाली, तिथे तरी वेळेवर जेव. हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं.

४ नोव्हेंबर
पहिला जबाब पहारेकऱ्याचा. पाच दिवे, पांढरे, आवाज नाही. बारा मिनिटं जागच्या जागी. रडारवर मात्र काहीच नाही. साक्षीदारांसाठी तिघं मावतील असं बाक ठेवलंय. हा एकटाच, तरी अगदी टोकाला टेकला. साहेबांनी नीट बसायला सांगितलं, तर म्हणाला, "ठीक आहे साहेब, दोघांना पुरतं." हे वाक्य घेऊ का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, दिव्यांचं तेवढं घे.

५ नोव्हेंबर
आज आचारी. तोही टोकालाच. जेवताना पाहिलं, तर शेजारी दुसरं ताट वाढलेलं. विचारलं, तर जराही न ओशाळता म्हणाला, दिवे पाहिल्यापासून एकट्याने जेवावं लागत नाही.
"आधी बरं वाटतं," म्हणाला. "मग जागा कमी पडायला लागते."

७ नोव्हेंबर
पहारेकरी मनोऱ्यावरून पडला. जागीच गेला. जीपचा ड्रायव्हर खालून बघत होता. कोणी ढकललं नाही म्हणतो. कठड्यावर बसला होता आणि बसमध्ये आपण शेजारच्याला जागा देतो तसा थोडा थोडा सरकत होता. कठडा संपला तिथेही सरकला.
जबाब टाइप करताना तीनदा कागद बदलला.

८ नोव्हेंबर
दुपारी तीन वीस. मी आणि साहेब मनोऱ्यावर असताना दिवे आले. पाच. भीती वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. आपण स्वयंपाकघरात असावं आणि बाहेरच्या खोलीत आपलं माणूस आलेलं कळावं, तसं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.
खाली उतरून जीपमध्ये बसलो, तर साहेब त्या दाराला चिकटून, मी या दाराला. मध्ये दोघं बसतील एवढी जागा.

१० नोव्हेंबर
अहवाल तयार: हवामानाचे फुगे. साहेबांनी सही केली आणि निघाले. जीपचं दार उघडंच, एक पाय बाहेर. ड्रायव्हर दार लावा म्हणाला. साहेब म्हणाले, अडचण होईल.
फायली आवरायला मी मागे.

११ नोव्हेंबर
ताईचा फोन. म्हणाली, आवाज बरा येतोय तुझा, सोबतीला कोणी आहे का. मी हो म्हणालो. या वेळी खोटं नव्हतं.
खाटेच्या कडेला झोपतो. उठलो की उरलेली अर्धी चादर गरम असते.

१३ नोव्हेंबर
दोनदा खाली पडलो. कोपर सुजलंय. खाट ओढून भिंतीला लावली, माझी कड भिंतीकडे. आता पडणं नाही.

१४ नोव्हेंबर
चूक झाली. उघडी बाजू त्याच्याकडे गेली —
दुपारपासून असाच आहे. वही भिंतीला टेकवून लिहितोय. आचाऱ्याला हाक मारली. तो दारात आला, बघितलं, आणि खाली मान घालून गेला.
ढकलत नाही ते. नुसतं थांबतं. भल्या माणसासारखं. आणि मीच — मीच सरकतो —

खांदा भिंतीत — आणखी जागा नाही. सांगितलं त्याला.
श्वास आत ओढून धरला की बोटभर होते. तेवढीही लगेच भरते. आता सोडायला