मोरोक्कोची ओळ

१० फेब्रु., सोम.
मीटिंगमध्ये साहेबांनी पुन्हा रुबीनाचं कौतुक केलं. पॅराग्वेनं उन्हाळी वेळ कायमची केली, ते ऑक्टोबरात तिनंच आधी पकडलं म्हणे. कुठला देश घड्याळ कधी पुढंमागं करतो, ही यादी मी सतरा वर्षं ठेवतेय. ट्रॅव्हलवाले तीच बघून विमानांच्या वेळा कळवतात. माझं नाव कधी निघालं नाही. ही परभणीची पोरगी यूपीएससीला कंटाळून नोकरीला लागली, वर्षही झालं नाही.

१४ फेब्रु.
रु.नं डबा पुढं सरकवला. "ताई, इथं मराठी बोलायला तुम्हीच." वांगी छान होती. त्याचाही राग आला.
दिल्लीत द्वारकेच्या घरी पोचल्यावर अजितला सांगितलं. म्हणाला, "हुशार आहे. तुझं काम हलकं होईल." नवरासुद्धा.

२० फेब्रु., गुरु.
मोरोक्को रमजानपुरतं घड्याळ तासभर मागं घेतो. रु.नं ओळ भरून आणली. मागं २३ फेब्रु., बरोबर. पुन्हा पुढं ३० मार्च. ही तर युरोपची तारीख! मोरोक्कोची ६ एप्रिल. एका नजरेत दिसलं.
"ताई, एकदा बघता? मग पाठवते."
"बघितलं. पाठव."
चुकू दे एकदा.

३ मार्च
रु.चे रोजे सुरू. जेवायला एकटीच होते. सांगायला अजून वेळ आहे. उद्या.

२८ मार्च, शुक्र.
आज सांगणारच होते. तिच्या टेबलापर्यंत गेले. तेवढ्यात साहेब, "अगले महीने से लिस्ट रुबीना देखेगी." तिनं माझ्याकडे बघितलं, लाजली. मी परत जागेवर.

३१ मार्च
ईदची सुट्टी, तरी साहेबांनी मला गुडगावच्या ऑफिसात बोलावलं. मोरोक्कोतल्या कासाब्लांकात एक कुटुंब काल आमच्या यादीच्या वेळेप्रमाणे तासभर उशिरा विमानतळावर पोचलं. विमान गेलेलं. बरोबर दोन लहान मुलं, म्हातारी आई. 'चुकू दे' म्हणताना ही माणसं माझ्या डोक्यातच आली नव्हती, कुणीच नाही.
साहेबांनी रु.ला फोन लावला, स्पीकरवर.
"चेक किसने किया था?"
"किसी ने नहीं, सर. ग़लती मेरी है."
मी समोर बसले होते.

१ एप्रिल
रु.नं शीरखुर्मा आणला. बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, डोळे दाखवून घ्या. तुम्ही स्क्रीनवर फार वाकून बघता. मी कुणाला बोलणार नाही."
तिला वाटतंय, मला दिसलं नाही.

२ एप्रिल, बुध.
यादी परत माझ्याकडे. रु.ला शुक्रवारी एचआरनं बोलावलंय. नोकरी राहील असं वाटत नाही.
अजितला सगळं खरं सांगितलं. म्हणाला, "मग आता का गप्प?"
साहेबांना मेल लिहिला. 'चूक मला दिसली होती.' खोडून 'चूक नजरेतून सुटली' केलं. तेही पटेल त्यांना, वयाकडे बघून. पुन्हा पहिलं लिहिलं. पाठवलेला नाही.
मधे एक दिवस आहे.