पाहुण्याचं खातं

८ जून
आज ह्यांनी कॉम्प्युटरची 'साफसफाई' केली आणि चिमीचा कॉलेजचा प्रकल्प त्यात गेला. चिमी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसून राहिली. हे म्हणाले, "मला वाटलं जुनंपानं काहीतरी आहे." मग कुणीच नीट जेवलं नाही.
घरात कॉम्प्युटर एक, वापरणारे तिघं, आणि सगळ्यांचा पसारा एकाच ठिकाणी – हे कधीतरी होणारच होतं. उद्या रविवार. प्रत्येकाला वेगळं खातं करून देणार. मीच करणार. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून मग बटण दाबणारी ह्या घरात मी एकटीच.

९ जून
झालं. वाटलं तेवढं अवघड नव्हतं. दात बनवण्याच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या दाढांचा रंग जुळवत बसते मी, त्यापुढे हे काहीच नाही. नाव टाका, चित्र निवडा, पासवर्ड द्या. मी अ‍ॅडमिन – म्हणजे नवीन माणूस घ्यायचा की नाही, कुणाला काय करू द्यायचं, ते माझ्या हातात. चिमी म्हणाली, "म्हणजे आधी होतं तसंच."
ह्यांनी पासवर्ड टाकताना एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. लग्नाआधी मला ज्या नावाने हाक मारायचे, ते. किती वर्षांत ऐकलं नव्हतं. चिमी म्हणाली, "बाबा, मनातल्या मनात म्हणायचं असतं. आता बदला." हे म्हणाले, "नाही बदलणार."
मी आपली भांडी घासत राहिले. ऐकू न आल्यासारखी.

१४ जून
दादा आला! कळवलं नाही, काही नाही. दार उघडलं तर जिन्यात बसला होता, गुडघे चोळत.
जहाजावरचा शेवटचा करार संपला म्हणे. गुडघ्यांमुळे पुढचा देत नाहीत. उभं राहून आख्ख्या जहाजाचा स्वयंपाक करायचा, तोही हलत्या जमिनीवर – कसं जमणार? "थोडे दिवस राहतो तुमच्याकडे," म्हणाला. चिमीच्या खोलीत त्याची सोय केली, चिमी बाहेर आली. ती खूश. मामा दर दोन वर्षांनी येणारा, तीन दिवसांत जाणारा.
ह्या वेळी मी विचारलंच नाही किती दिवस. घाबरले विचारायला.

१६ जून
दादाला कॉम्प्युटर हवाय, "थोडं लिहायचंय." मी पडदा दाखवला – तीन नावांची तीन चित्रं, आणि खाली गेस्ट. म्हटलं, तुलाही खातं करून देते, दोन मिनिटांचं काम. तो म्हणाला, "कशाला? हे आहे की. गेस्ट. मी तोच."
हसत म्हणाला, पण मला लागलं.
त्याला एवढंच बजावलं, की काम झालं की दरवेळी नीट बाहेर पड, उघडं ठेवू नकोस.

२० जून
दादा अजून आहे. घरात बरं वाटतं.

२४ जून
दुपारी लॅबमधली वीज गेली, लवकर घरी आले. दादा एका बोटाने टाइप करत होता. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं. माझी चाहूल लागताच बंद केलं. पण एक ओळ दिसली – 'मोठ्या संख्येच्या लोकांसाठी रोज स्वयंपाक करण्याचा मला दीर्घ अनुभव'.
म्हणजे अर्ज. पुन्हा जहाजावर.
ह्या गुडघ्यांनी? ह्या वयात? पण तसं न दाखवता विचारलं, "एवढ्या दिवसांत झालं नाही होय लिहून?"
म्हणाला, "अगं, रोज पहिल्यापासून लिहावं लागतं ना. दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. मला वाटलं, तुमच्याकडे असंच असतं."
मी कपाळावर हात मारला. गेस्टमधून बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं. आणि मीच त्याला बजावलं होतं, दरवेळी बाहेर पड म्हणून! बिचाऱ्याने माझा शब्द पाळला. रोज दुपारी बसून तोच अर्ज पुन्हा पुन्हा लिहिला, आणि तक्रार म्हणून नाही.

२५ जून
त्याला न विचारता खातं करून टाकलं. नाव – दादा. चित्रांमध्ये जहाज होतं, मुद्दाम ते घेतलं नाही. पिवळं फूल ठेवलं. चिमी म्हणाली, "मामाला फूल? काय गं आई." पण तिलाही आवडलं. पडद्यावर चौघं ओळीने बसल्यासारखे दिसत होते. मी दोनदा उगाच चालू करून पाहिलं.

२६ जून
दादाने हात लावला नाही. गेस्टमध्येच बसला.
संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाला, "काढून टाक गं ते."
"का? काय खातंय तुझं?"
"नाव लावायचं आणि उद्या निघून जायचं, बरं दिसत नाही. मी गेल्यावर रोज तुमच्याकडे बघत बसेल ते."
"मग जाऊ नकोस."
त्याने भाजीची पुढची जुडी ओढली. मग म्हणाला, "आईच्या आजारपणात तू होतीस. मी नव्हतो. आता म्हातारपणी येऊन आयता तुझ्या घरात बसू?"
मी म्हटलं, "तुझा फोन यायचा त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवायची. तुला कुणी सांगितलं नाही, मी सांगते."
त्याने मान वर केली नाही. भाजीची देठं निवडत राहिला. फार बारीक निवडली.

२७ जून
खातं काढलं. 'खरंच काढायचं का?' असं कॉम्प्युटर विचारतो. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग हो म्हटलं.
ह्यांना सांगताना रडू आलं. हे म्हणाले, "अगं, त्यांना कुणी ओढून बसवलेलं आवडत नाही. तूही तशीच आहेस. लग्नाला हो म्हणायला किती दिवस लावलेस, आठव." मग स्वतः उठून चहा केला. साखर घालायची राहिली, तरी मी प्यायले.

२९ जून
चिमीने मामाला पेन ड्राइव्ह दिला. गेस्टमधलं लिखाण त्यावर ठेवायचं, खातं-बितं काही नको. दादाने तो दोरीत ओवून गळ्यात घातलाय, शिट्टी घालावी तसा. आंघोळीलाही काढत नाही, चिमी सांगते. हे त्याला मास्तर म्हणायला लागलेत.
आज त्याने चिमीबरोबर छपाईच्या दुकानात जाऊन अर्जाची प्रत काढून आणली. घडी घालून खिशात. मी बघितलं, विचारलं नाही.

३ जुलै
आज दादाने ह्यांना कांदा चिरायला शिकवला. दोघंही रडत होते. ह्यांचं कॉम्प्युटरवरचं बुद्धिबळ बंद आहे सध्या, त्यापेक्षा दादाशी हरायला आवडतं म्हणे.
हा माणूस गेल्यावर ह्या घराचं काय होईल?

८ जुलै
दादा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला, दुपारी आला. "कुठे गेला होतास?" "पाय मोकळे करायला." ते गुडघे घेऊन! जहाजाच्या कंपनीचं ऑफिस असणार. लॅबमध्ये एका दाताचा रंग पार चुकला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

११ जुलै
ठरवलं. बोलायचंच. दादा, जायचं तर जा, पण माझ्याशी भांडून जा. असं गुपचूप नाही. आज जेवणं झाली की म्हणणार.
– म्हटलंच नाही. सगळे हसत होते. उद्या.

१२ जुलै
मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला. बाजारापलीकडच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. भाजी, आमटी, पथ्याचं जेवण. उंच स्टूल देणार आहेत, बसून करता येईल. सोमवारपासून.
जहाजाला अर्ज केलाच नव्हता त्याने. म्हणाला, "नाही मिळालं तर निघून जायचं ठरवलं होतं. म्हणून सांगितलं नाही."
तो कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, "ये. आता कर माझं खातं."