एकसष्टावी हरकत

सोनगीर
१२ जानेवारी १९८६

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. आधीच पाया पडून घेतो, कारण पुढचं वाचलंस की पाठीत धपाटा घालशील.

मी मशीन घेतलं. हो, तेच. ज्या टूरिंग टॉकीजवर मी अठरा वर्षं ऑपरेटर म्हणून राबलो, तिचे मालक थकले. त्यांनी तंबू मोडीत काढला आणि मशीन मला देऊन टाकलं. सध्या ते आपल्या ओसरीवर गोधडी पांघरून बसलंय. द्रौपदा म्हणते, घरात सासरे येऊन बसल्यासारखं वाटतं, येता-जाता डोक्यावर पदर घ्यावा लागतो.

आता किल्ल्याखालच्या आपल्या वावरात, निंबापाशी, उघडं थेटर करायचं. तंबू नाही. चारी बाजूंनी कनाती आणि वर आभाळ. अक्का, मी रोज मनातल्या मनात पडदा लावतो अन् काढतो. संध्याकाळी तांबट गल्लीतली ठोकठोक थांबते, किल्ल्याची सावली हळूहळू वावरात उतरते, ती निंबाला टेकली की वाटतं, झालं, आता पहिलं रीळ लावावं. काल तसाच उभा राहिलो. द्रौपदा जेवायला हाका मारून मारून दमली.

पण परवाणा पाहिजे. धुळ्याच्या कचेरीत तीन प्रतीत अर्ज दिलाय. आग लागली तर वाळूच्या बादल्या किती, हेसुद्धा लिहून दिलं. आता गावात नोटीस लागेल. कोणाची हरकत नसली की परवाणा हातात, आणि अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, पहिला खेळ. त्या दिवशी माहेरवाशिणींना तिकीट माफ. तेरा आखाज्या झाल्या, तू माहेरी आली नाहीस. निंबाला झोका मी दरवर्षी बांधतो आणि दरवर्षी तुझ्यावाचून सोडतो. या वर्षी ये.

लोभ आहेच. तो वाढवायला कुठला परवाणा लागत नाही.

तुझा
भाईदास

---

जळगाव
२१ जानेवारी १९८६

चि. भाईदास यास अनेक आशीर्वाद, आणि शुद्धलेखनाचे दहापैकी चार गुण.

परवाना लिहिताना बाणातला ण येत नाही रे बाबा. कचेरीतही असाच अर्ज दिला असशील तर साहेब आधी अंगठे धरून उभा करतील.

इकडे ठीक. माझ्या चौथीच्या वर्गात यंदा बासष्ट पोरं आहेत, घसा बसलाय. रविवारी शाळेतल्या बायकांनी मळ्यात भरीत-पुऱ्यांचा बेत केला. वांगी भाजताना डोळ्यांत धूर गेला आणि मला उगाच आपल्या मायची चूल आठवली.

तू स्वप्नाळूच राहिलास. नानांवर गेलास. नाना नाही का दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला बैल बघायला जायचे, आणि चार दिवसांनी कोरा कासरा तसाच खांद्यावर टाकून परत यायचे? माय रिकामी दावण दाखवून विचारायची, बैल कथा शे? नाना म्हणायचे, मनजोगा नही भेटना. सहा वर्षं त्या माणसाला एक बैल पसंत पडला नाही! तुझं थेटर त्या बैलासारखं होऊ नये म्हणजे झालं.

आखाजीचं बघू. सिनेमाचं मात्र मला काही विचारू नकोस. नाना गेल्यापासून मला तो पांढरा पडदा बघवत नाही, हे तुला ठाऊक आहे.

द्रौपदाला थंडीचं जपायला सांग. माया आहे तशीच आहे, शुद्धलेखन सुधार.

तुझी
अक्का

---

सोनगीर
१८ मार्च १९८६

ती. अक्कास शि. सा. न.

परवाना. नळातला न. बघ.

चावडीवर नोटीस लागली होती, की सदर परवान्यास कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे. उखर्डू आबांनी ती दोनदा वाचून घेतली आणि पारावर बसून निकाल दिला की सरकार इचारी राह्यनं, उत्तर देवाले पाहिजे. झालं! गावातून साठ पोस्टकार्डं सुटली. साठही कार्डांवर एकच मजकूर, आमनी काई हरकत नही शे. भिकुबाईनं अंगठा उठवून वर लिहायला लावलं की हरकत नाही, फक्त देवाचं पिच्चर आधी लावा. पोस्टातली कार्डं संपली तेव्हा गाव थांबलं.

काल कचेरीत गेलो. कारकुनांनी वही उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, तुमचे गावात इतके वैरी? एकसष्ट हरकती! त्यांच्या वहीत रकाना एकच, हरकतदाराचे नाव. हरकत नाही असं कळवणाऱ्याला रकानाच नाही. ते म्हणाले, ज्याची हरकत नसते तो कधी कार्ड खर्च करतो का? आता नऊ एप्रिलला सुनावणी, सगळ्यांनी जातीने हजर राहायचं. मी पोट धरून हसलो. तेही हसले.

मग मला आठवलं, कार्डं तर साठच गेली होती. त्यांनी शेवटचा कागद पुढे केला. रेघांचा, व्यवस्थित समास सोडलेला. मी अक्षर ओळखलं. त्याच अक्षरावर बोट फिरवून मी ग म भ न शिकलो. त्यात लिहिलं होतं, 'अर्जदार खेळ सुरू झाला की घरचा राहत नाही. सबब माझी हरकत आहे.' कारकुनांनी विचारलं, या जळगावच्या बाई कोण? मी म्हटलं, ओळखीच्या आहेत.

अक्का, साठ हरकती नावापुरत्या. ही एक खरी. ही राहिली तर परवाना नाही. आखाजी हुकली की पावसाळा, आणि मग मशीन भंगारात. पण मला वाईट याचं वाटलं, की तू मला नाही लिहिलंस, सरकारला लिहिलंस.

लोभ आहे की त्यावरही हरकत आहे, ते कळव.

भाईदास

---

जळगाव
२६ मार्च १९८६

चि. भाईदासला आशीर्वाद. राग आला म्हणून ते कमी होत नाहीत.

तुला लिहिलं असतं तर तू दोन ओळींत मला हसवलं असतंस आणि मी विरघळले असते. सरकारला हसवता येत नाही, म्हणून सरकारला लिहिलं.

तेरा वर्षं पोटात ठेवलं ते आज लिहून टाकते. त्या जानेवारीत नाना अंथरुणावर होते. दाराशी पाऊल वाजलं की विचारायचे, भाईदास ऊना का? मी शिरपूरला तुला तार केली. ती संध्याकाळीच तुझ्या हातात पडली, तुझ्या मालकांनीच मला नंतर सांगितलं. पहिलं रीळ चालू होतं. तू तार वाचलीस, खिशात घातलीस आणि खेळ पुरा केलास. तोवर शेवटची बस गेली. शिरपूर ते सोनगीर अंतर ते काय रे! नाना पहाटे गेले, दाराकडे बघत गेले. तू उन्हं वर आल्यावर आलास.

खांदा दिलास, सगळं रीतसर केलंस, मी एक शब्द बोलले नाही. पण त्यानंतर त्या निंबाखाली मला आखाजीची गाणी म्हणवेनात. आणि आता तू तिथेच पडदा लावतोस. मला सारखं वाटतं, घरात कोणीतरी वाट बघतंय आणि तू आपला रीळ बदलतोयस.

तुझं वाईट व्हावं असं माझ्या स्वप्नातही नाही. पण खोटं 'हरकत नाही' माझ्याच्यानं लिहवत नाही.

अक्का

---

सोनगीर
१ एप्रिल १९८६

ती. अक्का,

नमस्कार करतो, पण वर बघायचा धीर होत नाही.

तू लिहिलंस ते अक्षरन् अक्षर खरं. तार वाचली आणि डोकं बंद पडलं. हात चालत राहिले. एक रीळ संपलं, दुसरं लावलं. त्या दिवशी पडद्यावर काय होतं, आजही सांगता येणार नाही. मी चुकलो अक्का. हे मी कोणापाशी बोललो नव्हतो, द्रौपदापाशीसुद्धा.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, नानांनी शपथ घातली होती म्हणून. नाना सारंगखेड्याला बैल बघायला येतच नव्हते. आमची टॉकीज दरवर्षी त्या यात्रेत असायची. मी घरातून पळालो त्याच वर्षी ते आले. खांद्यावर कासरा. मला वाटलं, मलाच बांधून न्यायला आणलाय. तर ते मशीनजवळच्या पेटीवर बसले. पडद्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मशीनमधून निघून धुळीतून लोकांच्या डोक्यावरून जाणारा तो उजेडाचा पट्टा असतो ना, त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, हाऊ उजेड तू पाडस का? मी हो म्हटलं. चार दिवस तिथून हलले नाहीत.

अशी सहा वर्षं. मायला सांगू नको म्हणायचे, ती हशीसन मरी जाई. आणि शेवटच्या यात्रेत तुझं नाव काढून म्हणाले, एक डाव आपला निंबखाले दखाड. लिली झोकावर बशीसन देखी.

म्हणून हा सगळा खटाटोप. दुसरं काही नाही. तुझी हरकत तू ठेव. कचेरीत मी तिला खोटी म्हणणार नाही.

भाईदास

---

जळगाव
१० एप्रिल १९८६

चि. भाईदासला आशीर्वाद.

काल धुळ्याला येऊन तुला न भेटता परत फिरले, म्हणून रुसू नकोस. साडेतीनची बस गाठायची होती हे निम्मं खरं. कचेरीच्या आवारात अख्खं सोनगीर भाकरी सोडून बसलेलं, आणि तू प्रत्येकाला पाणी देत फिरत होतास. तुझ्या कानावरचे केस पांढरे झालेले मी पहिल्यांदा बघितले. मला तिथे चारचौघांत रडायचं नव्हतं. कारकुनांना विनवून मी मागच्या दाराने आधी आत गेले.

साहेबांनी विचारलं, बाई, हरकत मागे घेता? मी म्हटलं, मागे घेत नाही, दुरुस्त करते. त्यांचंच लाल पेन मागून घेतलं. शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'घरून बोलावणे आल्यास अर्जदाराने खेळ चालू असेल तेथे थांबवून निघावे. या अटीवर हरकत नाही.' साहेब म्हणाले, अशी अट नियमात बसत नाही. मी म्हटलं, वाळूच्या बादल्यांची बसते, मग माणसाची का बसत नाही? त्यांनी लाल पेन परत घेऊन टोपण लावलं. मग कारकुनांना म्हणाले, घ्या, नववी अट म्हणून घ्या.

नानांचा तो कासरा माझ्याकडे आहे. माय गेली तेव्हा गादीच्या वळकटीला बांधून आणला होता. रात्री काढून बघितला. त्याला बैलाचा एक केस चिकटलेला नाही, एक पीळ सैल झालेला नाही. शाळेत पोरांच्या चुका काढते आणि इतकी वर्षं घरातला कासरा मला वाचता आला नाही!

जास्त काय लिहू. माया होतीच.

अक्का

---

सोनगीर
२ मे १९८६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

परवाना आला! आठ अटी छापील, नववी शाईने लिहिलेली. द्रौपदानं त्याला हळदकुंकू वाहिलं.

सुनावणीत उखर्डू आबांनी साहेबांना साठ वेळा ऐकवलं की याची हरकत नाही, त्याचीही नाही. शेवटी साहेबांनीच हात जोडले.

पडदा नीळ घालून धुतला आणि निंबाखाली वाळत टाकला. वारा आला की तो आपोआप फुगतो, त्यावर पानांच्या सावल्या हलतात, आणि मी मशीन न लावताच तासभर बघत बसतो. आखाजीला भिकुबाईच्या मागणीवरून देवाचाच खेळ. झोका बांधायचा बाकी ठेवलाय. जास्त आग्रह करत नाही. फाट्यावर उखर्डू आबा दिवसभर बसतील.

मायेचा भुकेला
भाईदास

---

जळगाव
१६ मे १९८६

चि. भाईदास यास पोटभर आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचले. द्रौपदानं बांधून दिलेल्या सांजोऱ्या शेजारणींनी दारातच संपवल्या.

तिथे असताना बोलायचं राहिलं ते लिहिते. आखाजीला माझी बस वाटेत बंद पडली आणि फाट्यावर उतरले तेव्हा अंधारलं होतं. लांब वावरात तुझ्या उजेडाचा पट्टा दिसत होता. नाना काय बघत बसायचे ते मला तिथे, हातात पिशवी घेऊन उभ्या उभ्या, कळलं. आणि मेला माझा मास्तरकीचा स्वभाव! मी आबांना म्हटलं, भाईदासला सांगा, घरून बोलावणं आहे. आबा म्हणाले, माय, खेळ अर्ध्यावर शे. मी म्हटलं, म्हणूनच.

आबा गेले. थोड्या वेळाने तो पट्टा विझला.

मग तू आलास. अनवाणी, घामाने निथळत, अंधारात ढेकळांवरून ठेचकाळत. आणि धापा टाकत विचारलंस, अक्का, कोन आजारी शे? तेव्हा मला माझीच लाज वाटली रे. मी म्हटलं, कोणी नाही, मी आले आहे. तू फाट्यावरच्या दगडावर बसलास आणि लहानपणी रडायचास तसा रडलास. मी तरी कुठे थांबले?

वावरात परत आलो तर सगळं गाव काळोखात तसंच बसलेलं. एक माणूस उठला नव्हता. भिकुबाई मोठ्याने म्हणाली, लिलाबाई ऊनी, आते लाव. मी पिशवीतून आणलेल्या नानांच्या कासऱ्याने तू झोक्याची फळी बांधलीस, आणि मी या वयात, पदर खोचून, झोक्यावर बसून देवाचा सिनेमा बघितला. झोका उंच गेला की माझी सावली पडद्यावर जायची, देवाच्या अंगावरून. कोणी हरकत घेतली नाही.

तेरा वर्षांपूर्वीची माझी तार तुला त्या दिवशी पोचली, असं मी धरते. आता ती फाडून टाक.

पुढच्या आखाजीला बोलावणं पाठवू नकोस. मी आपली येईन.

तुझी
अक्का