चुंबक शेवटी

शुक्रवार, ३

विषय मिळाला — ‘विज्ञानातलं आकर्षण’! विज्ञान केंद्रात वर्षभर रोजंदारीवर आहे. हे प्रात्यक्षिक संचालकांना पटलं, तर कायम. आमच्या घरात कायम नोकरी अजून कुणालाच लागलेली नाही.

शब्द एक, अर्थ किती! पृथ्वी चंद्राला ओढते, चंद्राला त्याचं काहीच वाटत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, म्हणून थेंब गोल. नर पतंग मादीच्या वासामागे अंधारात उडत जातो — त्याला काही वाटत असेल? शेवटी चुंबक.

बाबा म्हणाले, “मी फोडणीच्या वासावर येतो, ते कुठल्या शाखेत?”

सोमवार, ६

रोज स्वयंपाकघरात तालीम. आई भांडी घासता घासता ऐकते. आज म्हणाली, “मी येणार बघायला.”

तिच्या छातीत पेसमेकर. आमचं विजेचं चुंबक बटण दाबताच लोखंडी कढई उचलतं! म्हटलं, “आई, जवळ गेलीस तर तुझं यंत्र बिघडेल. नको येऊस.”

“असं सरळ सांग ना, माझी लाज वाटते.”

“काहीतरीच काय!”

तिने नळ मोठा सोडला.

मंगळवार, ७

तालीम सुरू केली, तर आई भांडी तशीच टाकून बाहेर गेली.

बुधवार, ८

विभागप्रमुख म्हणाले, “चुंबक दुसऱ्या नंबरला घ्या. पतंगापर्यंत लोक जांभया देतील. आणि आधी बटण, मग बोलणं!” मान डोलावली.

घरी तालीम केलीच नाही. कुणासमोर करू?

गुरुवार, ९

चंद्र छान झाला. मग मंचावरच्या बटणावर हात ठेवला आणि मागच्या दाराकडे पाहिलं. मोठं चुंबक तिथेच बसवलंय. त्याला खेटून, शेवटच्या खुर्चीत — आई! कुणाला दिसू नये अशी अंग चोरून बसलेली.

विभागप्रमुख खुणावतायत — दाबा, दाबा! हाक मारावी? सगळे वळून बघतील. तिला वाटेल, हाकललं.

हात काढला. “हा प्रयोग आज होणार नाही.” पुढे रेणू, पतंग — काय बोलले, देव जाणे. पतंग संपताना पाहिलं, खुर्ची रिकामी. पण तोवर माझी वेळ संपली.

संचालक म्हणाले, “मुख्य गोष्टच गाळलीत.” कारण सांगितलं नाही. तिचं नाव घेऊन रडगाणं नको वाटलं.

कायम नाही.

शुक्रवार, १०

आईला सांगितलं, चंद्र संपताच चुंबकाच्या बटणावर हात होता माझा. ती म्हणाली,

“पतंग संपला की उठायचं, असं ठरवूनच आले होते गं. तू तर रोज चुंबक शेवटी घ्यायचीस!”